हाताची घडी, मोबाईलवर बोट

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. कोरोनातल्या दीड वर्षाच्या उघडझापीनंतर सरकारनं शाळा उघडल्या. खेड्यात पाचवीपासून, शहरात आठवीपासून. बरोबर ४ ऑक्टोबरलाच, १९१९ साली, दसऱ्याच्या दिवशी कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली होती. हा योग मंत्रालयात कुणी मुद्दाम साधला असेल असा आरोप मी करणार नाही. तिथं त्या दिवसांत पंचांग मिटून ठेवलं होतं, बाधितांचे आकडे बघून मुहूर्त काढायची पद्धत होती.

तर शाळा भरली. कुठं गुलाबाची फुलं दिली, कुठं कपाळाला तापमापकाचं पिस्तूल लावलं, पाहुण्यांनी फोटो काढून घेतले. आणि आठवडा उलटायच्या आत सातारा-सांगली पट्ट्यातल्या शिक्षकांच्या खोल्यांमधून एकच निदान बाहेर पडलं : पोरांची बसायची सवय मोडली.

निदान अचूक होतं. रोगी तेवढा चुकीचा धरला होता.

नववीच्या एका वर्गात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते बघा. एका बाकावर एक, मधला बाक मोकळा, मोकळ्या बाकावर खडूची फुली. सातवीच्या मापाची पँट घालून जी पोरं शाळेतनं गेली होती, ती घोट्याच्या वर चार बोटं पँट घेऊन परत आली होती. घरात बसायला नवा गणवेश कोण शिवतंय? मिसरूड फुटलं होतं, आवाज फुटला होता, आणि मास्कमुळं दोन्हींचा पत्ता कुणाला लागत नव्हता. सरांनी हजेरी सुरू केली. तिसऱ्या रांगेतल्या एकाचं नाव आलं, तर त्यानं आधी बाकाच्या फळीवर अंगठा दाबला, मग "येस सर" म्हणाला. दीड वर्ष आधी माईक, मग आवाज. मागच्या बाकावरनं कुणीतरी ओरडलं, "सर, तुमचा आवाज कट होतोय!" वर्ग खदखदला. सरांना रागवावं की हसावं ते सुचेना, कारण पहिल्या दहा मिनिटांत ते स्वतःच दोनदा "सगळ्यांना ऐकू येतंय का?" म्हणून गेले होते, तेही पुढ्यात बसलेल्या वीस पोरांना. फळाभर उदाहरण सोडवून झालं तशी पहिल्या बाकावरची मुलगी अदबीनं म्हणाली, "सर, आम्ही उतरवून घेत बसण्यापेक्षा तुम्हीच फोटो काढून ग्रुपवर टाका की."

तास चाळीस मिनिटांचा, आणि पंचविसाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू. फुकटातल्या झूमलाही चाळीस मिनिटांचीच मर्यादा होती. शाळेशी जुळणारी त्यातली तेवढी एकच गोष्ट. पण तिथं कॅमेरा बंद करून पोरगं गोठ्यात जायचं, म्हशीला वैरण टाकून, भाकरीचा तुकडा मोडून परत यायचं आणि हजेरी शंभर टक्के. बाकाला कॅमेरा बंद करायचं बटण नसतं. सगळा घोळ तिथं होता.

आता सवय मोडली म्हणताना ती लागायला उसंत किती मिळाली होती, हेही बघू. सांगलीच्या त्या वर्षीच्या दहावीची कुंडली मांडा. पोरगं आठवीत असताना ऑगस्ट २०१९चा महापूर. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. दप्तरं माळ्यावर, माणसं निवारा केंद्रात, आणि निवारा केंद्र म्हणजे पुष्कळ ठिकाणी शाळाच. म्हणजे पोरं शाळेत राहायला होती, शिकायला नव्हती. भिंतीवरचा गाळाचा पट्टा पुसून होतो न होतो तोच मार्च २०२०. कोरोनाची राज्यातली सुरुवातीची एक मोठी साखळी सांगली जिल्ह्यातच, इस्लामपुरात निघाली. आठवीची वार्षिक परीक्षा रद्द. नववी मोबाईलवर सुरू. २३ नोव्हेंबर २०२०ला शिक्षकांच्या आरटीपीसीआर चाचण्या करून नववी ते बारावीचे वर्ग उघडले, उन्हाळ्याच्या तोंडावर दुसऱ्या लाटेनं मिटले. एप्रिल २०२१मध्ये नववीही परीक्षेविना वर ढकलली. दहावीत पाय ठेवला तर जुलैत कृष्णा पुन्हा ५५ फुटांच्या घरात. महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्यावर दरडी आल्या. ऑगस्टात बराचसा महाराष्ट्र मोकळा झाला, तेव्हा सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे निर्बंध कायम राहिलेल्या अकरांच्या यादीत. ऑक्टोबरात शाळा. जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉन. दहावी-बारावीची काही कामं सोडून १० तारखेपासून शाळांना पुन्हा कुलूप, २४ला पुन्हा किल्ली. आणि १५ मार्चला बोर्ड.

ह्या पोरानं सातवीनंतर वर्गात बसून दिलेली पहिली वार्षिक परीक्षा म्हणजे थेट दहावीची. आणि आम्ही पारावर बसून म्हणणार, आजकालच्या पोरांना तीन तास एका जागी बसवत नाही.

त्यांच्या आदल्या दहावीची कथा तर याहून न्यारी. त्यांची परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. नववीचे पन्नास, दहावीच्या वर्षभराचे तीस, तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस अशी बेरीज करून शंभर भरले. १६ जुलै २०२१ला निकाल जाहीर झाला आणि पास झालेल्यांच्या गर्दीखाली निकालाचं संकेतस्थळ बसलं. त्या दिवशी डोळ्यांदेखत नापास झालेलं तेवढं एकच. पुढं न झालेल्या परीक्षेचं शुल्क परत करायचं बोर्डानं ठरवलं. घेतले होते दहावीला ४१५ आणि बारावीला ५२०. परत करायचे ठरले ५९ आणि ९४. उरलेले तयारीत खर्ची पडले. अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सीईटी घ्यायचा घाट घातला होता, तो १० ऑगस्टला उच्च न्यायालयानं रद्द केला. म्हणजे ती पोरं अकरावीत येऊन बसली ती एकही पेपर न लिहिता, आणि पहिल्या चाचणीला त्यांच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावला. लावणारच. कपाळ तेवढं पोरांचं नव्हतं.

२०२२ला मात्र बोर्ड शाळेत बसूनच झालं. अभ्यासक्रम २५ टक्के कमी, ज्याची त्याची शाळा हेच केंद्र, ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास जादा, ४० ते ६० गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटं. लिहायचा वेग गेलाय हे सरकारला कळलं, त्याची दाद द्यायला हवी. एरवी सरकारला आपला वेग गेलेला कळत नाही. दीड वर्ष पोरांचा अंगठा तेवढा राबत होता, बाकीची चार बोटं रजेवर. दिवाळीनंतर पुष्कळ शाळांनी दहावीला शुद्धलेखन सुरू केलं. दाढीला वस्तरा लागायच्या बेतात आलेली पोरं दुरेघी वहीत अक्षरं गिरवतायत, अर्ध्या पानावर पेन ठेवून मनगट झटकतायत.

तासगावकडच्या एका बाईंनी शुद्धलेखनाचा नाद सोडला आणि रोज सकाळी फळ्यावर एकच प्रश्न लिहायला लागल्या : काल घरी काय केलंस? पहिल्या दिवशी उत्तरं आली ती अशी : "गेम." "झोपलो." "काय नाही." बाईंनी खाडाखोड केली नाही, शेरा मारला नाही, फक्त रोज वाचत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात वाक्यं लांबायला लागली. मग कळत गेलं की वर्गातली बरीच पोरं द्राक्षाच्या छाटणीला आणि पुढं डिपिंगला रोजानं जातायत आणि त्यांना शाळेपेक्षा बागेतला हिशेब चोख येतो. एकानं चुलत्याचा टेम्पो चालवायला घेतला होता. लायसनचं वय व्हायला अजून तीन वर्षं होती. एकीनं लिहिलं होतं, "काल पाहुणे बघायला आले होते. मी पोहे केले." बाई त्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी न जाता तिच्या घरी गेल्या. मुलगी दहावीला बसली. बसायची सवय कशी लावतात हे कुणाला शिकायचंच असेल, तर एवढं पुरे. प्रशिक्षणाचा भत्ता मात्र मिळणार नाही.

याच सुमारास मुंबईत वेगळाच तमाशा झाला. ३१ जानेवारी २०२२ला धारावीत, तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या घराजवळ विद्यार्थी मोठ्या संख्येनं जमले. मागणी होती : शिकवलं ऑनलाईन, तर परीक्षाही ऑनलाईन. चिथावणी दिल्याबद्दल 'हिंदुस्थानी भाऊ' ऊर्फ विकास फाटक याला दुसऱ्या दिवशी अटक झाली. वाहिन्यांवर तज्ज्ञांनी पोरांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. माझं मत विचाराल, तर मागणी चुकीची होती पण सवाल बिनतोड होता. पोरांना वकील मात्र वाईट मिळाला.

जवळजवळ त्याच दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या पोरींची गोष्ट मुंबई उच्च न्यायालयात पोचली, तीही कुणी याचिका न करता. खिरखिंडी. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरचं गाव. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडायच्या, पलीकडं उतरून दाट जंगलातनं चालत अंधारीच्या शाळेत जायच्या, आणि तसंच परत. वर्तमानपत्रातली ही बातमी वाचून न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला खुलासा विचारला. ज्या पाण्यावर महाराष्ट्राचे दिवे लागतात त्याच्या काठावरच्या पोरींना शाळेसाठी वल्ही हातात घ्यावी लागत होती, हे सरकारला न्यायालयाकडून कळलं. वास्तविक कळायला तसं अवघड नव्हतं. बामणोलीला हौसेनं बोटिंगला जाणारे साहेब त्याच पाण्यावर असतात. लाईफ जॅकेट घालून.

आता ह्या मुलींची बसायची सवय मोडली, असं त्यांच्या शिक्षकांनी म्हणून दाखवावं. त्यांना बसायला मिळायचं तेच मुळात होडीत, आणि तिथंही हात चालूच.

बाकीच्यांसाठी होडी नव्हती, एसटी होती. म्हणजे असायला हवी होती. शाळा उघडून महिना व्हायच्या आत, ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, आणि कर्मचारी पूर्णपणे कामावर परत यायला पुढचा एप्रिल उजाडला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर मी इथं बोलत नाही, त्यांचं दुखणं खरं होतं. पण खेड्यातलं अर्धं हायस्कूल एसटीच्या पासवर चालतं. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट. एसटी बंद झाली की राहतं ते वडाप. वडापवाल्याला अहिल्याबाई माहीत असतात, पण योजना नसते. जत, आटपाडी, माण, खटाव, पाटण कुठंही जा, आठ माणसांच्या जीपमध्ये सोळा माणसं आणि मागच्या फळकुटावर दप्तरं. मुलाला बाप म्हणतो, "जा की लटकून, काय होतंय?" मुलीला म्हणतो, "राहू दे गं आज." हा 'आज' दिवाळीपासून पाडव्यापर्यंत चालला. बोर्डाची परीक्षा १५ मार्च ते ४ एप्रिल अशी त्या संपातच उरकली. ज्याच्या त्याच्या शाळेत केंद्र दिलं नसतं, तर कित्येक मुलींचं हॉलतिकीट दप्तरातच राहिलं असतं.

गैरहजेरीच्या रकान्यात मात्र नोंद एकच : विद्यार्थी अनियमित. एसटी अनियमित, नदी अनियमित, सरकारी आदेश अनियमित, यांच्यासाठी हजेरीपटात रकानाच नसतो.

मधल्या काळात शासनाचे दिनविशेष मात्र नियमित चालू होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर यांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात दाखल झालं. २०१७पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. २०२१ साली तो आला रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत. पत्रकं निघाली, व्याख्यानं ऑनलाईन झाली. शाळेत त्या मुलाला इतरांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागायचं आणि ते गोणपाट रोज परत न्यावं लागायचं, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. बसायची सवय हा विषय ज्यांना फार सोपा वाटतो त्यांनी तेवढं वाचावं. १५ ते १८ वयाच्या मुलांचं लसीकरण सुरू झालं ते ३ जानेवारी २०२२ला, सावित्रीबाईंच्या जयंतीला. त्यांचं नायगाव सातारा जिल्ह्यातलंच. रांगेत पोरं उभी आणि मागं फलकावर पुढाऱ्यांचे फोटो. सावित्रीबाईंचा फोटो होता, पण लहान.

आता मुख्य मुद्द्याला हात घालतो. मोबाईल.

२०२०च्या मार्चपर्यंत शाळेत मोबाईल सापडला तर तो जप्त व्हायचा, बापाला बोलावणं जायचं. जूननंतर मोबाईल नाही म्हणून बापाला बोलावणं जायला लागलं. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे सरकारी ब्रीद. कुणी सोसायटीची उचल घेतली, कुणी शेळी विकली, कुणी थोरल्याचा फोन धाकट्यांच्यात वाटून दिला. 'असर' ह्या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात २०१८ साली स्मार्टफोन असलेली शाळकरी मुलांची घरं ३६.५ टक्के होती, २०२१ला ती ६७.६ टक्के झाली.  पाटणच्या डोंगरात पोरं रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसली, जतला लिंबाच्या झाडाखाली. दीड वर्ष ज्याला आम्ही शाळा म्हणालो, त्याला ऑक्टोबरात एका दिवसात व्यसन म्हणायला लागलो. दारुड्यानं दारू आणायला धाडलेल्या पोराचं तोंड हुंगावं, तशातली गत.

आणि शाळेनं तरी मोबाईल सोडला का? गृहपाठ "ग्रुपवर टाकलाय". सूचना "ग्रुपवर बघा". सहलीचे पैसे क्यूआर कोडवर. वर्गात मोबाईल आणायला सक्त मनाई, आणि उद्या कुठली वही आणायची ते फक्त मोबाईलवर. शिक्षकांचे हाल आणखी वेगळे. पोषण आहाराची माहिती ॲपवर, विद्यार्थ्यांची माहिती पोर्टलवर, प्रशिक्षणाची हजेरी लिंकवर. डिसेंबर २०२३पासून तर पोरांची हजेरीही चॅटबॉटवर. सर एका हातानं "मोबाईल वाईट" असं फळ्यावर लिहितात आणि दुसऱ्या हातानं ते लिहितानाचा फोटो केंद्रप्रमुखांना पाठवतात, कारण जनजागृती केल्याचा पुरावा आजच्या आज हवा असतो.

यावर खरी मात्रा काढली ती सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं. मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव, वस्ती तीनेक हजार. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा हा टापू. स्वतःचं सरकार चालवायची खोड मुळातच. शाळा सुरू झाल्या तरी मुलांचं चित्त वर्गात लागत नाही, घरी गेली की फोनमध्ये डोकं, अशी शिक्षकांची तक्रार. २०२२च्या ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावानं ठरवलं : संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, त्यासरशी टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा, मग काय ते चालू. दीड तास पोरांनी अभ्यास करायचा.

सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा गावातले पुरुष हसले होते. मग बायकांची सभा घेतली. बायका हसल्या नाहीत. आम्हालाही मालिकांचं वेड लागलंय, असं त्यांनी सरळ कबूल केलं आणि बंद करायचं तर सगळ्या गावानं, असा कौल दिला. सात ते साडेआठ म्हणजे मराठी मालिकांचा ऐन दुधावरच्या सायीचा वेळ. कुणाचं लग्न मोडतंय, कोण कुणाच्या दुधात काय कालवतंय, हे सगळं सोडून पोराशेजारी बसायचं म्हणजे गंमत नव्हे. मंत्रिमंडळातल्या किती जणांना सात ते साडेआठ फोन बंद ठेवता येईल?

सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक अशी माणसं घरोघर फिरायची. कुणाच्या खिडकीत निळा उजेड दिसला की दार वाजवायचं. कल्पना करा, निवृत्त मुख्याध्यापक दारात आणि आत आबा पलंगाखाली मोबाईल सरकवतायत. आबांनी चौथीत असताना ह्याच गुरुजींच्या भीतीनं चिंचा सरकवल्या होत्या.

आणि हे वर्ष कुठलं? २०२२. त्याच वर्षी पाडव्यापासून सगळा महाराष्ट्र मशिदींवरच्या भोंग्यांवरनं पेटला होता; कुणाचे उतरवायचे, कुणासमोर काय लावायचं, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदती आणि इशारे. वडगावकरांनी तीनच महिन्यांत भोंग्याला काम लावलं. भोंग्यावर भाषण देणाऱ्यांपैकी कुणी तिकडं फिरकल्याचं माझ्या वाचनात नाही. फिरकायचं कशाला? त्या भोंग्यात मतं नव्हती.

ह्या उपायाचं लोकांनी पुष्कळ कौतुक केलं आणि नेमकी मधली गोष्ट गाळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्शी गावानं अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. १० डिसेंबर २०२५पासून ऑस्ट्रेलियानं तर कायद्यानंच सोळाच्या आतल्यांची समाजमाध्यमावरची खाती बंद केली. दोन्हीकडं बंदी पोरांना, मोठे मोकळे. वडगावात सातच्या भोंग्याला आजीचा टीव्हीही बंद आणि बापाचा मोबाईलही. बापाला वही उघडायची सक्ती नव्हती, पण दीड तास करायचं काय म्हणून तो पोराच्या वहीत डोकावणार, आणि त्याला कळणार की आपल्याला नववीचं बीजगणित येत नाही. पोराला आनंद झाला असेल तो गणित सुटल्याचा नसणार.

शहरातल्यांना अर्थातच हे झेपत नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या अपार्टमेंटच्या सभेत असा ठराव मांडून बघा. पहिली हरकत येईल की माझं काम अमेरिकेच्या वेळेवर चालतं, दुसरी, की मग डिलिव्हरीवाल्याला ओटीपी कोण सांगणार, आणि तिसरी, की आधी पार्किंगचा विषय घ्या. सेक्रेटरी सगळं ऐकून घेतील आणि ग्रुपवर मतदान ठेवतील.

परवा एका हायस्कुलात पालकसभा होती. विषय : 'मुलं आणि मोबाईल'. मुख्याध्यापक पाऊण तास पोटतिडकीनं बोलले. दहावीची पोरं मागं भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, एका जागी बसली होती. एकही हललं नाही. पुढच्या तीन रांगांत पालक होते आणि त्यांच्या माना खाली होत्या, विचारमग्न म्हणावं तशा. भाषण संपलं तशी सभागृहात एकाच वेळी पन्नासेक फोन वाजले. शाळेच्या ग्रुपवर आलं होतं : "पालकसभा उत्साहात संपन्न. फोटो पाठवले आहेत. सर्व पालकांनी वाचून अंगठा दाखवावा."

सगळ्यांनी दाखवला.